पन्नास अंशांवर अडलेलं मनगट

"ही पोरगी मुकी आहे बहुतेक. पण हात हलका आहे तिचा."

निंबाळकर मावशी फोनवर बोलत होत्या. फोन टेबलावर आडवा ठेवलेला, स्पीकर चालू. त्यांचा उजवा हात मी नुकताच शेकासाठी कोमट मेणात सहा वेळा बुडवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर टॉवेल बांधत होते.

"मुकी म्हणजे? बोलतच नाही?" पलीकडून त्यांची साताऱ्याची धाकटी बहीण, शकू.

"बोलते की. 'दस बार कीजिए' आणि 'दर्द है क्या?' दोन आठवड्यांत तिसरं वाक्य ऐकलं नाही बघ."

टॉवेलची गाठ माझ्या हातून सुटली. मी ती परत बांधली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चंदीगडच्या एका हॉस्पिटलमध्ये हाताच्या पेशंट्सचं काम बघते. गाव नाशिक, शाळा इंग्लिश मीडियम, घरची भाषा मराठी. पण आमच्या बॅजवर फक्त पहिलं नाव असतं. 'ईशा' या नावावरून कुणाला नाशिक दिसत नाही. मावशी आणि त्यांचे मिस्टर, म्हणजे रिटायर्ड कर्नल निंबाळकर, पहिल्या दिवसापासून माझ्याशी हिंदीत बोलत होते. मीही हिंदीत उत्तर देत होते. जेवढं द्यावं लागेल तेवढंच.

खरं तर त्या क्षणी हसून म्हणायला हवं होतं, की मावशी, मला कळतंय. नाही म्हटलं. मला नवीन माणसांशी बोलायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सांगावं असं ठरवलं, पण दुसऱ्या दिवशी त्या माझ्या नाकाबद्दल बोलल्या. तिसऱ्या दिवशी विषय माझ्या लग्नाचा होता. मोहालीच्या आयटी कंपनीत त्यांचा भाचा आहे. "पंजाबी असली तरी चालेल गं, शांत आहे," असं त्या शकूला म्हणाल्या. यानंतर कोणत्या तोंडाने सांगणार? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती ओळख झाली असती. चौथ्या दिवशी ते सांगणं म्हणजे चोरून ऐकल्याची कबुली झाली असती.

म्हणून मी गप्प राहिले. मेणाची वीस मिनिटं रोजची असत. मी शेजारी बसून फाइल लिहायचे, आणि साताऱ्याच्या सगळ्या बातम्या मला कळायच्या.

आता त्या हाताबद्दल सांगते.

मावशींचं वय बासष्ट. मोहालीच्या ज्या सोसायटीत त्या राहतात तिथे निम्मी घरं रिटायर्ड फौजींची आहेत. लोहरीच्या कार्यक्रमात लेडीज म्युझिकल चेअर होती. शेवटची खुर्ची एक, बायका दोन. मावशी आणि एका ब्रिगेडियरच्या मिसेस. संगीत थांबलं, मावशी खुर्चीकडे झेपावल्या आणि पडल्या. पडताना त्यांनी हात पुढे टेकला. माणूस पडताना हात टेकतोच, आणि सगळं वजन मनगटावर येतं. अंगठ्याच्या बाजूचं जाड हाड मनगटाजवळ मोडतं. आमच्याकडे येणाऱ्या फ्रॅक्चर्समध्ये हे रोजचं आहे.

"गिरी नहीं बेटा, गिराया गया," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. फाइलमध्ये 'पडण्याचं कारण' असा एक रकाना असतो. तिथे काय लिहावं याचा मी बराच विचार केला होता.

पूर्वी अशा हाताला सहा आठवडे प्लॅस्टर घालत. आजही साध्या फ्रॅक्चरला घालतात. पण मावशींचं हाड तीन तुकडे होऊन सरकलं होतं. म्हणून आमच्या ग्रेवाल सरांनी ऑपरेशन करून प्लेट बसवली. प्लेट म्हणजे टायटॅनियमची छोटी पट्टी, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची. तळव्याच्या बाजूने कापून ती हाडावर ठेवतात आणि स्क्रूने घट्ट करतात. फायदा असा की हाड जागेवर पक्कं बसतं आणि मनगट लवकर हलवायला घेता येतं. हात जितका जास्त दिवस स्वस्थ ठेवाल तितका तो आखडतो. सर्जन हाड जोडतो. ते हाड कामाला लागेल की नाही, हे पुढच्या तीन महिन्यांत आमच्या टेबलावर ठरतं.

मनगटाच्या अनेक हालचाली आम्ही मोजतो. त्यातली सगळ्यात हट्टी म्हणजे तळवा वर करणं. कोपर अंगाला चिकटवायचं आणि तळवा आकाशाकडे करायचा. दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना आपण करतो तसं. निरोगी हात ऐंशी अंशांच्या आसपास वळतो. दोन पट्ट्यांचं एक कोनमापक असतं, त्याने हे मोजतात.

मावशींचा हात सुरुवातीला वीस अंश वळायचा. मग तीस. सहाव्या आठवड्यात पन्नास. मी खूश होते. चार्टवर रेघ छान चढत होती.

आणि मग ती थांबली. सातवा आठवडा पन्नास. आठवा पन्नास. दहावा पन्नास.

आमच्याकडे सोमवारी सगळ्या चार्ट्सचा आढावा असतो. ग्रेवाल सर मोठ्याने बोलतात. ते वाईट नाहीत, त्यांचा आवाजच तसा आहे.

"ओ ईशा, ये क्या है यार? ग्राफ है कि चंडीगढ़ की सड़क? सीधी की सीधी!"

सगळे हसले. मीही हसले.

"एक्स-रे ए-वन. प्लेट ए-वन. एक भी स्क्रू बाहर नहीं. फिर हाथ क्यों नहीं घूम रहा? या तो कैप्सूल टाइट है, या तू ढीली है."

कॅप्सूल म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण. ते कधी कधी आखडून कडक होतं. मी म्हणाले, "सर, मेहनत कर रही हूँ." तेवढंच.

"बारह हफ्ते देखूँगा. फिर अंदर लेके जाऊँगा."

अंदर म्हणजे ऑपरेशन थिएटर.

मी रूमवर येऊन सगळी पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी मेणाचं तापमान तपासलं. व्यायाम बदलले. कर्नलसाहेबांना विचारलं, घरी व्यायाम होतात का? त्यांनी बॅगेतून एक रजिस्टर काढलं. फौजी अक्षर, पट्टीने आखलेले रकाने. सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक व्यायामापुढे वेळ, संख्या आणि सही. माझ्या फाइलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याची प्रिंटसुद्धा त्यांनी त्यात चिकटवली होती.

"मैं खुद सुपरवाइज करता हूँ," ते म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "डॉक्टर, मुझसे कोई गलती हो रही है क्या?"

मी डॉक्टर नाही, पण ते मला डॉक्टरच म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी "नहीं सर" म्हणाले आणि रजिस्टर परत केलं. रजिस्टरमध्ये दोष काढायला जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात मी मावशींची पकड तपासली. त्यासाठी एक दांडा असतो, दाबला की किलोचा काटा हलतो. त्या दांड्याची रुंदी पाच प्रकारे बदलता येते. इथे एक गंमत आहे. माणूस पूर्ण जोर लावतो तेव्हा मधल्या रुंदीवर आकडा सगळ्यात जास्त येतो, आणि अगदी अरुंद किंवा अगदी रुंद पकडीवर कमी. कागदावर टेकडीसारखा आकार दिसतो. हात कमजोर असला तरी टेकडी येते, फक्त बुटकी येते. पण माणूस मुद्दाम हात राखून दाबत असेल तर पाचही आकडे जवळपास सारखे येतात. टेकडी येत नाही, पठार येतं.

मावशींच्या डाव्या हाताची टेकडी सुरेख आली. उजव्या हाताचे आकडे सात, सात, साडेसात, सात, सात.

आता यावरून लगेच कुणाला खोटं ठरवायचं नसतं. दुखत असलं तरी पठार येऊ शकतं. घाबरलेल्या माणसाचंही येतं. पण मला एक जुनं वाक्य आठवलं. सातव्या आठवड्यात मेणात हात असताना मावशी शकूला म्हणाल्या होत्या, "घाई कुठं आहे गं मला बरं व्हायची?"

तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला होता.

मी कान टवकारले. तसे ते आधीपासूनच टवकारलेले होते, आता मी त्याला कामाचं कारण दिलं.

कर्नलसाहेबांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. फ्रिजवर स्टँडिंग ऑर्डर्स लावल्या होत्या. सकाळी सहाचा चहा सहालाच. मिसळणाचा डबा लेबलं लावून, उंचीप्रमाणे रांगेत. पोळ्यांना मधोमध भोक पडायचं. "फायरिंग रेंजवरचं टार्गेट जसं," मावशी म्हणाल्या. शकू खिदळली. पण मावशी त्या पोळ्या रोज दोन खात होत्या, हेही मी ऐकलं.

आणि मग एका दुपारी त्यांचा आवाज बदलला.

"शके, लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यातली निम्मी हे कुठल्या कुठल्या डोंगरावर. उरलेली मेसमध्ये आणि गोल्फवर. आता हात मोडल्यापासून रोज सकाळी माझी वेणी घालतात. आधी नुसती दोरखंडाची गाठ मारायचे. आता तिपेडी जमते. आणि परवा केस विंचरताना मला विचारतात, मंगल, तुझ्या कानामागे हा तीळ कधीपासून आहे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, जन्मापासून आहे."

इकडे मी फाइलमध्ये तारीख लिहीत होते. तीच तारीख दोनदा लिहिली.

"हात बरा झाला की हे परत गोल्फला," मावशी म्हणाल्या. "मला माहीत आहे ना."

तरीही मला खात्री नव्हती. कुणी असं बोललं म्हणजे तो हात मुद्दाम अडवतोच, असं होत नाही. आणि चोरून ऐकलेल्या गोष्टी फाइलमध्ये कशा लिहिणार? 'पेशंटने बहिणीला सांगितले' असा रकाना आमच्याकडे नाही.

खात्री जस्सी पाजींमुळे झाली.

जस्सी पाजी सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवरून सुटणाऱ्या बसचे ड्रायव्हर. त्यांच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मावशींच्या शेजारच्या टेबलावर त्यांचे व्यायाम चालायचे. अकराव्या आठवड्यात ते परत ड्युटीवर गेले. पहिली फेरी सुखरूप झाली म्हणून गुरुद्वाऱ्यातून कडाह प्रसादाचा मोठा डबा घेऊन थेट आमच्याकडे आले. गरम, तुपात निथळणारा, कणकेचा शिरा. वास सगळ्या डिपार्टमेंटभर पसरला.

"लो जी, सारे हाथ करो!"

इथे प्रसाद एका हाताने कुणी घेत नाही. दोन्ही तळवे जोडून ओंजळ करायची, वर धरायची. पंजाबात राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, विचार करण्याआधी हात पुढे होतात. मावशींची तर निम्मी हयात इथल्या छावण्यांमध्ये गेलेली.

त्यांचे दोन्ही हात पुढे झाले. कोपरं अंगाला चिकटलेली. तळवे सरळ आकाशाकडे. उजवा आणि डावा, अगदी जोडीने, सुखना लेकच्या पाण्यासारखे सपाट.

माझं कोनमापक कोटाच्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. पण दिवसातून तीस वेळा कोन मोजणाऱ्या माणसाला नजरेने पाच अंशांचा फरक कळतो. ते ऐंशी होते. कमी नव्हते.

जस्सी पाजींनी ओंजळीत गोळा ठेवला. मावशींनी तो तोंडाशी नेला, तूप मनगटावर ओघळलं ते टिपलं, आणि "वाह पाजी, बहुत स्वाद है" म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी माझ्या ओंजळीतल्या प्रसादाकडे बघत होते. नजर चुकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दहा मिनिटांनी मी त्यांचा हात मोजायला घेतला.

"आई गं," त्या कळवळल्या. मग हिंदीत, "बस बेटा, इससे आगे नहीं जाता."

पन्नास.

मी पन्नास लिहिलं. आता इथे माझी चूक कबूल करते. नियमाप्रमाणे मी 'रोजच्या कामात ऐंशी दिसले' असं लिहायला हवं होतं. पेन उचललंही होतं. पण ते पान संध्याकाळपर्यंत कर्नलसाहेबांच्या रजिस्टरमध्ये चिकटलं असतं. मग त्यांना कळलं असतं, की इतके आठवडे त्यांच्या सह्यांखाली काय चाललं होतं. आणि मला तो तीळ आठवला. म्हटलं, अजून एक आठवडा आहे. मावशी स्वतःच हळूहळू बऱ्या होतील.

त्या झाल्या नाहीत. खोट्याचं असं होतं, की त्यातून एकदम बाहेर आलं तर पकडलं जातं आणि हळूहळू यायचं म्हटलं तर आधी सुरुवात करावी लागते. ती कुणीच केली नाही. त्यांनीही नाही, मीही नाही.

बारावा आठवडा. ग्रेवाल सरांची ओपीडी. सर, मावशी, कर्नलसाहेब आणि फाइल घेऊन दाराजवळ मी.

सरांनी हात पाहिला, फिरवायचा प्रयत्न केला. मावशींनी दात आवळले. स्नायू असा ताणून धरला होता की मला लांबून दिसत होता. पण सर आकडे बघत होते.

"देखिए मैडम, अब वेट नहीं करेंगे. गुरुवार को आ जाइए. बेहोश करके हाथ घुमाएँगे, कैप्सूल ढीला करेंगे, और साथ में प्लेट भी निकाल देंगे. हड्डी जुड़ चुकी है."

मावशींचा रंग उतरला. पहिल्या ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. तेव्हा त्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्युझिकल चेअरची हकीकत सांगत पडल्या होत्या. आता पूर्ण भूल. आणि त्यांना जुना दमा आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलेला.

कर्नलसाहेब उभे राहिले. "सर, रिस्क?"

"दमा है, तो थोड़ा ध्यान रखना पड़ेगा. आप फिटनेस का फॉर्म ले आइए, काउंटर नंबर चार."

ते फॉर्म आणायला गेले. चाल नेहमीसारखी ताठ होती, पण दाराशी त्यांना हँडल सापडायला दोन सेकंद लागले.

मी मावशींकडे पाहत होते. वाटलं, आता बोलतील. इथे कुणी नाही, सरांना सांगून टाकतील. त्यांनी पदर सारखा केला, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "जैसा आप ठीक समझें, डॉक्टर साहब."

तेव्हा मला कळलं, की ही बाई ऑपरेशन टेबलवर जाईल पण बोलणार नाही. गुरुवारी भूल दिल्यावर तो हात दाराच्या कडीसारखा सहज फिरणार होता. सगळ्या थिएटरला कळणार होतं. फक्त मावशींना नाही, कारण त्या झोपलेल्या असणार होत्या. आणि दम्याच्या पेशंटला विनाकारण दिलेली पूर्ण भूल म्हणजे काय, हे फाइल धरून उभ्या असलेल्या मुलीला व्यवस्थित माहीत होतं.

सर लिहीत होते. प्रत्येक पेशंटच्या शेवटी ते एक प्रश्न विचारतात, सवयीने, मान वर न करता. उत्तर यायच्या आधी सही करून मोकळे होतात. माझ्याकडून कधी उत्तर आलेलंच नव्हतं.

"ईशा, तूने कुछ कहना है?"

"हाँ सर."

पेन थांबलं. सरांनी मान वर केली.

मी मावशींकडे वळले आणि बोलले. मराठीत. सरांना मराठी येत नाही, कर्नलसाहेब काउंटर नंबर चारवर होते. मावशींनी इतके आठवडे ज्या भाषेच्या आडोशाला बसून माझं नाक, माझं लग्न आणि त्यांचं गुपित शकूला सांगितलं, त्याच आडोशाला मी एकदा उभी राहिले. काय बोलले ते शेवटी सांगते. आधी पुढचं.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर आधी धक्का, मग हिशेब. दोन महिन्यांत आपण काय काय बोललो याची त्या उजळणी करत असणार. नाकापाशी पोचल्या तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी उजवं कोपर अंगाला चिकटवलं आणि तळवा वर केला. पूर्ण.

"ओए!" सर खुर्चीतून उठले. त्यांनी माझ्या खिशातून कोनमापक स्वतः ओढून काढलं. "अस्सी! ये क्या? क्या बोला तूने इनको?"

"एक्सरसाइज समझाई, सर."

"किस भाषा में?"

"मराठी में, सर."

"तो तीन महीने से मराठी में क्यों नहीं समझा रही थी?"

मी फाइल त्यांच्यापुढे सरकवली.

सरांनी गुरुवारवर काट मारली. ते मूर्ख नाहीत. त्यांनी एकदा मावशींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. प्लेट अजून आत आहे. त्रास नसेल तर ती काढायची गरज नसते.

कर्नलसाहेब फॉर्म घेऊन आले तेव्हा मावशींनी त्यांना हात दाखवला. "अहो, वळला बघा. एकदम."

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मग रजिस्टर काढून वेळ लिहिली, बारा वाजून दहा मिनिटं, आणि खाली सही केली.

मी एक नवा कागद लिहून दिला. कणीक मळणं, कपडे पिळणं, कुलूप उघडणं हे मावशींनी करायचं. केस बांधणं मिस्टरांनी करायचं, रोज एकदा, तीन महिने. खरं सांगायचं तर स्वतःचे केस बांधणं हा मनगटाला उत्तम व्यायाम आहे. शास्त्र माझ्या बाजूने नव्हतं. म्हणून कणकेचं प्रमाण वाढवून दिलं.

तो कागद त्यांच्या फ्रिजवर लागला. तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. पकडीची टेकडी छान आली, थोडी बुटकी, पण टेकडीच. मावशी आत हात धुवायला गेल्या तेव्हा कर्नलसाहेब माझ्याजवळ आले. तोपर्यंत ते माझ्याशी मराठीत बोलायला लागले होते.

"ईशा, त्या केसांच्या ऑर्डरची मुदत संपते आज," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, "एक्स्टेंशन मिळेल का?"

मी दिलं. सहा महिने. भाच्याचा विषय मात्र त्यांनी काढला तेव्हा मी परत मुकी झाले.

यातून मी एवढंच शिकले. आमच्याकडे पेशंटला एक प्रश्नावली देतात. दाराची मूठ फिरवता येते का, भाजी चिरता येते का, पिशवी उचलता येते का. हात मोडायच्या आधी जी कामं होती ती परत करता आली, की पेशंट बरा. ती कामं परत हवी आहेत का, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही. आता मी पहिल्या दिवशी ते तोंडी विचारते. आणि कुणी मराठी पेशंट आला, तर मेणाचं भांडं गरम व्हायच्या आत माझं गाव सांगून टाकते.

तर त्या दिवशी ओपीडीत, सरांचं पेन थांबलेलं असताना, मी मावशींना म्हणाले ते हे:

"मावशी, मी मुकी नाही, नाशिकची आहे. त्या दिवशी प्रसादाला हात केलात तसाच आत्ता सरांपुढे करा. काकांना माझ्याकडून काही कळणार नाही, आणि वेणी अजून तीन महिने त्यांनीच घालायची असं मी लिहून देते."